चावी हाती आल्यावरचा पहिला महिना



दिवाळी झाली की आपल्याकडे घरांची बोलणी सुरू होतात आणि पाडवा, अक्षय्य तृतीया येईपर्यंत बरेचसे व्यवहार उरकतात. विकणारे बहुतेक पुण्याला नाहीतर लातूरला राहायला गेलेले असतात, गावातलं जुनं घर त्यांना नकोसं झालेलं असतं. घेणारी असते आपल्यातलीच कुणीतरी. वर्षानुवर्षं दिराच्या घरात एका खोलीत राहिलेली, भाड्याच्या पत्र्याखाली संसार केलेली, ऊसतोडीला जाऊन पैसा गाठीला बांधलेली, गटाचं कर्ज काढून त्यात चार दागिने मोडून भर घातलेली. तिचं हे आयुष्यातलं पहिलं घर असतं. चावी हातात आली की डोळ्यात पाणी येतं, आणि ते यायलाच पाहिजे.

पण आम्ही गावोगावच्या गटांत बसतो तेव्हा पुढचं जे बघतो, ते सांगायला आजचा हा भाग आहे. चावी आल्यावर पहिला पैसा जातो रंगाला, फरशीला, गेटला आणि वास्तुशांतीच्या जेवणाला. मग मृग लागतो. पहिल्या मोठ्या पावसात कोपऱ्यातून पाणी उतरतं, नव्या रंगाचे पापुद्रे निघतात, आणि तोवर हातात काही शिल्लक राहिलेलं नसतं. दुसरीकडे ग्रामपंचायतीच्या वहीत घर अजून जुन्या मालकाच्याच नावावर असतं. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पहिला महिना कागदाला आणि पाण्याला द्यायचा. कागदावर आपलं नाव चढलं पाहिजे आणि घरातलं पाणी बाहेर गेलं पाहिजे. रंगाचं नंतर बघू.

आधी चावी घेतानाचं सांगतो. चावी कुणाच्या तरी हाती निरोपासोबत घेऊ नका. विकणाऱ्याला घरी बोलवा, दिवसाउजेडी, आणि त्याच्याबरोबर प्रत्येक खोली उघडून बघा. जुन्या घरात एखादी खोली बंद असते. ‘त्यात आमचं थोडं सामान आहे, दिवाळीला नेतो’ असं सांगतात. ती दिवाळी कधी येत नाही. कणगी, जुनं कपाट, देवघरातले देव, गोठ्यातली कुणाची तरी शेळी, जे असेल ते त्या दिवशी निघालं पाहिजे. खोलीत भाडेकरू किंवा विकणाऱ्याचा चुलता राहत असेल तर ती गोष्ट पूर्ण रक्कम देण्याआधीच मिटवायची असते. ताबा मिळाल्याचा कागद करून घ्या: अमुक तारखेला, अमुक घर, रिकामं करून दिलं, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. त्याच दिवशी लाईटच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाईटबिल कुठवर भरलंय त्याच्या पावत्या मागा. जुनी बाकी कोण भरणार हे तोंडी ठरवू नका. आणि संध्याकाळ व्हायच्या आत कुलूप बदला.

मग खरेदीखतात लिहिलेली चतुःसीमा घेऊन घराभोवती फिरा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे वाचत जा आणि शेजारच्या बाईला हाक मारून सोबत घ्या. मधली भिंत सामाईक आहे का? आपल्या माळवदाचं पन्हाळ कुणाच्या अंगणात पडतं? न्हाणीचं पाणी कुठून जातं? बोळ सगळ्यांची आहे की आपली? गावातली निम्मी भांडणं या चार गोष्टींवरून होतात, आणि ती बहुतेक वेळा नव्या माणसानं बांधकाम काढल्यावरच सुरू होतात. आधी विचारलं, चहा पाजला, तर शेजारीण स्वतः सांगते की हे पाणी पूर्वी कुठून जायचं. लांबी-रुंदी टेपनं मोजा. कागदापेक्षा जागा कमी भरली तर एक वीटही हलवू नका, आधी वकिलाकडे जा.

आता कागद. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे केलेला कागद म्हणजे खरेदी नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरचं कुठलंही घर-जमीन विकत घेतलं की त्याचं खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावंच लागतं. मुखत्यारपत्रावर झालेला व्यवहारही मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. नोंदणी झाली की ‘सूची क्रमांक दोन’ मिळते, तिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा आणि त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढून वेगळीकडे ठेवा.

खरेदीखतात नाव कुणाचं? हा प्रश्न आम्ही गटात विचारला की थोडा वेळ कुणी बोलत नाही. पैसा गटाचा, दागिने तिचे, हप्ता ती भरणार, आणि नाव ‘मालकांचं’. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि त्यानं मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या पश्चात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचे सारखे वाटे होतात. म्हणजे जिनं घर उभं केलं तिला त्यातला एक वाटा. आपल्यातल्या कितीतरी विधवा बहिणींना हे नंतर कळलेलं आहे. दोघांच्या नावावर घेतलं तर निदान तिचा हिस्सा तिचा राहतो. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्र सरकार मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देतं. सहा लाखांच्या घराला सहा हजार रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत जोडलं की ही सवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. पूर्वी या सवलतीला एक अट होती, की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. सरकारला ती अडचणीची वाटली असेल, पण आम्हाला वाटतं की घरातून ‘विकून टाक’ म्हणून दबाव आला तर बाईला पुढे करायला तो एक चांगला आधार होता.

ज्यांचं खरेदीखत आधीच झालंय त्या म्हणतील, आमचं तर होऊन गेलं. ठीक आहे, पुढचं काम तुमचंही राहिलेलंच आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीत घरपट्टीची जी वही असते, तिला नमुना आठ म्हणतात. (तलाठ्याकडचा आठ-अ तो वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. बँकेत जाताना अर्ध्या बायका चुकीचा उतारा घेऊन जातात, कारण सांगणाराच दोन्हीला ‘आठ’ म्हणतो.) नमुना आठ हा मालकीचा पुरावा नव्हे, तो कराचा कागद आहे. तरी गावात सगळं त्याच्यावर चालतं: नळ, लाईट, घरकुल, कर्ज. म्हणून इंडेक्स टू, खरेदीखताची प्रत आणि घरपट्टीची पावती जोडून नाव लावण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या, आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह शिक्का. पोच घेतलेली नसली की चार महिन्यांनी ‘अर्जच आला नाही’ हे उत्तर ऐकायला मिळतं. मासिक सभेत विषय आला की नाही ते विचारत राहा. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या संमतीनं नमुना आठला बायकोचंही नाव लावता येतं. ‘घर दोघांचे’ म्हणून सरकारनं २००३ मध्येच हे सुरू केलंय. त्यानं खरेदीखत बदलत नाही, पण बाईच्या नकळत घरावर काही करायला निघणाऱ्याला वहीत तिचं नाव दिसतं.

आणखी एक. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी चाललीय. त्याआधी आपल्या राज्यातच, पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात, हा प्रयोग झाला होता. तुमच्या गावाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाल्या असतील तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन त्या पत्रिकेवरही नाव चढवून घ्यावं लागतं. ग्रामपंचायतीतलं नाव आपोआप तिकडे जात नाही. आणि घरकुलाच्या यादीत तुमचं नाव असेल, तर जुनी भिंत पाडण्याआधी पंचायत समितीत विचारा. काम सुरू व्हायच्या आधीच्या घराचा आणि जागेचा फोटो तिथं लागतो. पाडल्यावर तो कुठून आणणार?

आता घराकडे वळू. आपल्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात जुनं घर म्हणजे दगड-मातीची रुंद भिंत आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असं ते घर असतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण किल्लारीचा भूकंप आपल्याला विसरता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बरीच भूकंपानं नव्हे, स्वतःच्याच घराखाली गेली. कारण भिंत दोन-अडीच फूट रुंद दिसायची, पण ती एकसंध नव्हती. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधे चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता. आणि माळवदावर दर वर्षी गळती थांबवायला पांढरी माती टाकत गेल्यानं तिचा थर चढत गेला होता. हादरा बसला की भिंतीचे दोन थर अलग झाले आणि वरची सगळी माती माणसांवर आली.

तुम्ही घेतलेलं घर १९९३ च्या आधीचं असेल तर हे सगळं तिथं बघायला मिळेल. भिंतीच्या एका टोकाला उभं राहून डोळा लावून लांबवर बघा. भिंतीला पोट सुटलेलं दिसलं, तर आतले थर सुटायला लागलेत. कोपऱ्यात दोन भिंती मिळतात तिथं वरून खाली चीर आहे का? तुळया आणि कड्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथं खुरप्याच्या दांड्यानं ठोकून बघा. आवाज पोकळ आला किंवा माती झरली तर वाळवी आहे. वाळवी मधोमध कमी आणि भिंतीतल्या ओल्या टोकाला जास्त असते, म्हणून खालून बघून ‘लाकूड सागवानी आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. माळवदावर चढून एका कोपऱ्यात पहारीनं छोटं भोक पाडून मातीची जाडी मोजा. फूटभर किंवा जास्त निघाली तर ती कमी करायची असते. पण ती कशी, किती आणि कोणत्या बाजूनं काढायची, भिंतीला आरपार दगड किंवा काँक्रीटचा दांडा कुठं घालायचा, वर सळईचा पट्टा बांधायचा का, हे बांधकाम शिकलेल्या माणसाला घरी आणूनच ठरवा. त्याची फी खर्च वाटते, पण फरशीच्या एका खोलीपेक्षा ती कमी असते.

माती काढून पत्रे टाकायचे ठरले, तरी एक अडचण आहे. माळवद वजनानं जागेवर राहतं, पत्रा राहत नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो, वर दगड ठेवल्यानं तो थांबत नाही आणि तोच दगड मग खाली येतो. पत्रा आकडे आणि नटबोल्टनं पाइपला, आणि पाइप भिंतीत काँक्रीटनं पक्का धरलेला, असंच बसवून घ्या.

आणखी एका मोहापासून सांभाळा. मधली भिंत काढून मोठा हॉल करायचा. शहरातल्या नातेवाइकांकडे बघून हे मनात येतं. जुन्या घरात कोणती भिंत नुसती आडोसा आहे आणि कोणत्या भिंतीवर किंवा खांबावर तुळईचा भार आहे, हे बाहेरून दिसत नाही. खांब हलवणं म्हणजे घराचा पाय काढणं.

पाण्याचं बघू. घराला ओल येते ती तीन वाटांनी: वरून गळून, बाजूनं झिरपून आणि खालून भिंतीत चढून. कुठली वाट आहे ते न बघता लोक भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात, कारण तो मजबूत दिसतो. मातीच्या भिंतीला तो मानवत नाही. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडून देते. वरून सिमेंट लावलं की ओल आत अडकते, माती मऊ पडत जाते आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पापडासारखा सुटून येतो, येताना भिंतीचा पदर घेऊन येतो. मातीच्या भिंतीला माती-भुशाचा किंवा चुन्याचा गिलावाच बरा. आपल्या आज्या पांढऱ्या मातीनं पोतारा घ्यायच्या, त्यात गरिबीइतकंच शहाणपणही होतं.

ओल कुठून येते ते ओळखायला एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला जमले तर ती खोलीतल्या हवेची आहे, म्हणजे खिडकी उघडायला हवी, चुलीचा आणि न्हाणीचा दमट वारा बाहेर जायला हवा. भिंतीतून येत असेल तर आधी बाहेर जाऊन बघा. पन्हाळ लांब आहे की पाणी भिंतीवरच सांडतं? भिंतीच्या बुडाशी माती साचून ती जोत्याच्या वर आलीय का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? बऱ्याच घरांत एक फावडं, दोन दिवसांची मजुरी आणि चार फूट पन्हाळ एवढ्यात निम्मी ओल जाते. त्याला कुणी टक्केवारीची जाहिरात करत नाही, म्हणून ते कुणाला सुचत नाही.

संडास नसेल तर तो रंगाच्या आधी. गावात गवंडी एकच मोठा खड्डा सुचवतात, कारण तो पटकन होतो. दोन खड्ड्यांचा घ्या. पाच-सहा माणसांच्या घराला प्रत्येकी साधारण तीन-सव्वातीन फूट रुंद आणि चार फूट खोल असे दोन खड्डे, मधे किमान तीन फूट अंतर. आतल्या विटांच्या बांधकामात भोकं ठेवायची आणि तळाला काँक्रीट करायचं नाही, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरायला काही वर्षं लागतात. मग पाणी दुसऱ्यात वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. तोवर त्याचं वासरहित खत होतं, कुणाला मैला उपसायला लावायची वेळ येत नाही. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी या खड्ड्यांत सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा करा. विहीर किंवा बोअर असेल तर खड्डे तिथून पन्नास फूट तरी लांब हवेत. काळ्या जमिनीत पाणी नीट मुरत नाही, तिथं खड्डा मोठा करावा लागतो आणि त्याच्याभोवती वाळू भरावी लागते. हे खोदायच्या आधी गवंड्याला सांगा.

लाईटचं काम स्वस्तात करू नका. जुन्या घरातली वायर उंदरांनी कुरतडलेली असते, आणि अर्थिंग बहुतेक ठिकाणी नसतंच. नवं अर्थिंग करून घ्या, आणि मेन स्विचशेजारी शॉक लागताच लाईट बंद करणारं तीस मिलिअँपिअरचं यंत्र बसवा, दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतात. पत्र्याच्या घरात कपडे वाळत घालायची तार पत्र्याला किंवा पाइपला बांधू नका, नायलॉनची दोरी लावा. पत्र्यात करंट उतरला की तो तारेत येतो, आणि ओले कपडे टाकायला जाते ती घरातली बाईच.

ओट्याची उंची स्वतः ठरवा. गवंडी सवयीच्या मापानं बांधतो आणि त्याला त्यावर स्वयंपाक करायचा नसतो. सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाका. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओट्याचा माथा आला पाहिजे. शेगडी ठेवल्यावर पातेलं आणखी वर जातं, म्हणून भाकरी थापायची आणि शेगडीची जागा थोडी खाली ठेवलीत तर खांदे भरून येणार नाहीत. वीस वर्षं रोज दोन वेळा उभं राहायचंय तिथं.

आता गवंड्याशी व्यवहार. काम रोजानं द्यायचं की उक्तं? दुरुस्तीचं काम, ज्यात भिंत उघडल्यावरच कळतं आत काय आहे, ते रोजानं बरं, पण मग रोज आपलं कुणीतरी तिथं उभं पाहिजे. नवं ठरलेलं काम, संडास किंवा ओटा, ते उक्तं बरं. उक्त्यात काय-काय येतं ते कागदावर लिहा: माल कुणाचा, पाणी कोण मारणार, राडारोडा कोण उचलणार. उचल एकदम देऊ नका. काम जितकं झालं तितके पैसे, आणि शेवटचा हप्ता एक पाऊस बघून. गटाच्या वहीत आपण रुपया-रुपया लिहितो, इथंही तशीच वही ठेवा. रोज किती माणसं आली, किती पोती उघडली, कुणाला किती दिले, आणि देताना सही.

वाळू ब्रासनं येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉली दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असेल तर वाळू वीस इंच उंच भरलेली असली पाहिजे, तेव्हा एक ब्रास झाली. ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी टेप लावा. ड्रायव्हर हसेल. हसू द्या. सिमेंटची पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, फळ्यांवर ठेवा आणि एका वेळी लागतील तेवढीच आणा. गिलाव्याला एकास चार प्रमाण ठरलं असेल तर ते कसं बघायचं? एक पोतं घमेल्यानं मोजा, किती घमेली भरली ते लक्षात ठेवा, मग त्याच घमेल्यानं त्याच्या चौपट वाळू. आणि सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारलंच पाहिजे, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून तीन-चार वेळा, ओलं पोतं टाकून. पाणी टँकरचं असेल तर त्याचा खर्च आधीच धरा. पाण्याअभावी तडकलेला गिलावा परत करणं त्याहून महाग पडतं.

आणि गवंडी काही विचारायला आला, की बहुतेक वेळा बाईला ओलांडून म्हणतो, ‘मालक कुठंयत?’ त्याच्याशी भांडायचं कारण नाही. वही उघडायची आणि सांगायचं, काय विचारायचंय ते मला विचार, पैसे मीच देणार आहे. दुसऱ्या दिवसापासून तो ‘ताई, इथं किती उंच घेऊ?’ असं विचारायला लागतो. हे आम्ही इतक्या ठिकाणी बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही.

पैशाबद्दल एकच सांगतो. घर घेण्यासाठी जेवढे पैसे उभे करता, त्यातला एक भाग चावीनंतरच्या कामाला बाजूला काढल्याशिवाय किंमत ठरवू नका. काम अर्ध्यावर अडकलं की दारात आठवड्याच्या हप्त्याची कर्जं देणारे येतात, आणि एक फेडायला दुसरं घेतलं जातं. त्यापेक्षा एक खोली, एक संडास आणि न गळणारं छप्पर एवढं करून राहायला जा. बाकीचं पुढच्या वर्षी.

रंग आणि वास्तुशांत दिवाळीवर ठेवा. पावसाळाभर हातात खडू ठेवा. जिथं ओल दिसेल तिथं तिच्या कडेनं रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. पुढच्या पावसात ओल रेघेच्या पुढे गेली की मागेच राहिली, ते बघा. घटस्थापनेपर्यंत भिंतच सांगते कुठं काम राहिलंय. मग गवंड्याला बोलावून त्या रेघा दाखवायच्या, आणि तेवढ्याच जागा उघडायच्या.